गुलाम अहमद आणि १९४८

आमच्या जालन्यात दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा फडकतो. शाळेत त्या दिवशी रझाकारांचे अत्याचार सांगितले जात आणि काही नजरा माझ्याकडे वळत. अत्याचार झाले, हे खरेच. पण निजामाच्या राज्यातला प्रत्येक मुसलमान रझाकार नव्हता, हे कोणी सांगत नसे.

तेव्हा जालना हैदराबाद संस्थानात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान संपले. त्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, कलकत्त्यात वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी सुरू झाली. भारताच्या संघात हैदराबादचा २६ वर्षांचा एक नवा ऑफस्पिनर होता, गुलाम अहमद. समोर एव्हर्टन वीक्स. त्या सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. तरीही गुलाम अहमद टिकले. २२ कसोटींत त्यांनी ६८ बळी घेतले. १९५६ मध्ये कलकत्त्यातच ऑस्ट्रेलियाचे सात गडी ४९ धावांत बाद केले.

मला मात्र नोव्हेंबर १९५५ महत्त्वाचा वाटतो. हैदराबादेतली पहिली कसोटी, फतेह मैदान, समोर न्यूझीलंड आणि भारताचे कर्णधार गुलाम अहमद. निजामाचे राज्य जाऊन जेमतेम सात वर्षे झाली होती. पुढे १९८३ चा विश्वविजेता संघ निवडणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते.

आता १७ सप्टेंबरला घरच्या मुलांना मी दोन्ही गोष्टी सांगतो. रझाकारांची लपवत नाही, गुलाम अहमदांची विसरत नाही.