एकाच वेब सर्व्हरवर जावाच्या अनेक आवृत्त्या : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा ही संगणकीय भाषा जाहीर केली. ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ हे तिचे ब्रीद होते. यंत्रभेदाचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला. कालभेदाचा मात्र शिल्लक राहिला. १९९६ मध्ये १.०, १९९७ मध्ये १.१ आणि १९९८ मध्ये १.२ अशा आवृत्त्या झपाट्याने आल्या. जुने चालते काम न मोडता नवे कसे स्वीकारावे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे उभा राहिला.

विभक्त प्रक्रियांची रचना :
सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी नवी प्रक्रिया सुरू होत असे. सर्व्हलेट मात्र जावाच्या आभासी यंत्रात सतत जागे राहते. एका आभासी यंत्रात जावाची एकच आवृत्ती चालू शकते. त्यामुळे दोन आवृत्त्यांसाठी दोन यंत्रे अपरिहार्य ठरतात. ॲपाची जेसर्व्हने हे यंत्र वेब सर्व्हरपासून वेगळे ठेवले आणि दोहोंतील संवादासाठी एजेपी हा संकेत वापरला. १९९९ मध्ये पुढे आलेल्या टॉमकॅटसाठी हेच कार्य मॉड-जेके या जोडणीने केले. प्रत्येक आभासी यंत्राला स्वतंत्र जावा व स्वतंत्र पोर्ट द्यावयाचे आणि कोणता पत्ता कोणाकडे जाईल हे ॲपाचीत नोंदवावयाचे, एवढीच ती युक्ती होय. बाहेरील वापरकर्त्याला संकेतस्थळ एकच दिसे.

या रचनेची निकड :
२००४ च्या जावा ५ मध्ये ‘एनम’ हा राखीव शब्द झाला. अनेक जुन्या सर्व्हलेटांत तेच चलाचे नाव होते. अशा संहितेचे नव्या नियमांनुसार संकलन होईना. उलट, जावा ५ साठी संकलित केलेला वर्ग १.४ चे यंत्र नाकारी. टॉमकॅट ६ ला तर किमान जावा ५ आवश्यक होती.

निष्कर्ष :
२०१७ नंतर जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येऊ लागली. टॉमकॅट १० मध्ये सर्व्हलेटच्या पॅकेजचे नावच ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झाले. त्यामुळे विभक्त प्रक्रियांचे तत्त्व कालबाह्य ठरले नाही. मात्र २०२० मध्ये एजेपीतील ‘घोस्टकॅट’ हा सुरक्षादोष उघड झाला आणि टॉमकॅटने ती जोडणी मूळ मांडणीत बंद केली. जुने जपण्याची सोय संस्थेला सवड देते. तिची राखण न केल्यास तीच सोय धोक्याचे दार ठरते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.