कॅप्टन गोपीनाथ : रणांगण ते विमानसेवा

कर्नाटकातील गोरूरच्या गोपीनाथांना शिक्षक वडिलांनी प्रथम घरीच शिकविले. मग थेट पाचवीत, कानडी शाळेत घातले. आम्हां शिक्षकांनी विचार करावा अशी ही गोष्ट! पुढे विजापूरची सैनिक शाळा, नंतर खडकवासल्याची प्रबोधिनी आणि १९७१ चे युद्ध. अठ्ठाविसाव्या वर्षी सैन्य सोडून ते शेतीत उतरले. रेशीमशेतीतील प्रयोगांबद्दल १९९६ मध्ये त्यांस रोलेक्स पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये हेलिकॉप्टरची कंपनी व २००३ मध्ये ‘एअर डेक्कन’. विमानात फुकट जेवण नाही, पण तिकीट स्वस्त. काही जागा तर एक रुपयात! लहान गावांतील कित्येक माणसे प्रथमच विमानात बसली. मात्र तोटा वाढत गेला आणि २००७ मध्ये कंपनी विजय मल्ल्यांच्या हाती गेली. त्यांची ‘किंगफिशर’ही २०१२ मध्ये बंद पडली.