कपाट कुणाच्या सोयीचं?

ग्रंथालयाच्या तासाचा तो संवाद तुम्हाला आठवत असेल. ‘‘बाई, किल्ल्यांवरचं पुस्तक आहे?’’ बाई मान वर न करता सांगत, ‘‘तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा.’’ आणि पुस्तक तिथेच सापडे! आठवीत असताना बाई महिनाभर रजेवर गेल्या आणि कपाटं मुकी झाली. पुस्तकं दाखल क्रमांकाने, म्हणजे खरेदीच्या क्रमाने लावलेली होती. किल्ल्यांशेजारी कविता, कवितांशेजारी बीजगणित. सगळी रचना बाईंच्या डोक्यात होती, कपाटात नव्हती.

वस्तू अशी कशी लावावी, की ती अनोळखी माणसालाही सापडेल? या प्रश्नाने मद्रासच्या एका गणिताच्या प्राध्यापकांना पछाडलं होतं. शियाळी रामामृत रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे ड्युई यांची 1876 पासूनची दशांश पद्धत रूढ होती. तिच्यात विषयांचे क्रमांक आधीच ठरवून ठेवलेले असत. यादीत नसलेला नवा विषय आला, की पंचाईत! रंगनाथन यांनी एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, पण त्यांतून हवं ते खेळणं तयार होतं. त्यांना वाटलं, विषयांचंही असंच करावं. तयार क्रमांक नकोत. सुटे भाग ठेवावेत आणि गरजेप्रमाणे जोडावेत.

समजा, भारतातल्या फुफ्फुसाच्या क्षयरोगावरील उपचारांचं पुस्तक आहे. त्याचे पैलू पाहा : अवयव, रोग, उपचार, देश. प्रत्येक पैलूला चिन्ह द्यायचं आणि चिन्हं जोडायची. जोडणीसाठी त्यांनी कोलन, म्हणजे अपूर्णविराम वापरला. 1933 मध्ये ही ‘कोलन वर्गीकरण’ पद्धत प्रसिद्ध झाली. त्याआधी 1931 मध्येच त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. पहिला नियम : ग्रंथ वापरासाठी आहेत. चौथा : वाचकाचा वेळ वाचवा.

मात्र लाकडी फळीला एक मर्यादा असते. पुस्तकाचे पैलू कितीही असोत, ते एका वेळी एकाच जागी उभं राहतं. पडद्याला ती अडचण नाही. ऑनलाइन साडी घेताना आपण रंग, कापड, किंमत यांवर टिचक्या मारतो आणि तीच साडी तिन्ही वाटांनी समोर येते. ही पैलूंचीच मांडणी आहे.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, आईने शिकवलं. एका रुग्णालयासाठी आमच्या टीमने ॲप केलं होतं. मेनूची रचना माझी होती : रुग्णालयाचे जसे विभाग, तशीच बटणं. कौतुकाने आईच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, ‘‘तुझा रक्ताचा रिपोर्ट काढून दाखव.’’ दहा मिनिटं झाली तरी तिला तो सापडेना. शेवटी चष्मा काढून म्हणाली, ‘‘अगं, हे तुमच्या ऑफिसच्या सोयीनं लावलंय. रक्त कुठल्या खात्यात जातं, ते मला काय ठाऊक?’’ रिपोर्ट ‘पॅथॉलॉजी’खाली होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आई निदान मला विचारू शकत होती. बाकीचे रुग्ण कुणाला विचारणार? पुढच्या महिन्यात आम्ही रचना बदलली. तोच रिपोर्ट आता तारखेने, डॉक्टरांच्या नावाने किंवा तपासणीच्या नावाने मिळतो. रंगनाथन मी त्यानंतर वाचले, आणि नव्वद वर्षांपूर्वीचा हा माणूस आपलीच चूक दाखवतोय असं वाटलं.

म्हणून एक विनंती. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन शाळेच्या ग्रंथालयात बसणार आहे. विषय, लेखक, भाषा, इयत्ता अशी प्रत्येक पुस्तकाची नोंद करायची आहे. पाच-सहा जण आलात तर पहिलं कपाट दुपारपर्यंत होईल. बाईंनी शेजारी बसायचं कबूल केलंय. चहा माझ्याकडून!