पूर एका शेतात, विमा अख्ख्या मंडळात : बीडचा एक प्रश्न

बीड शहरातल्या जुन्या माणसांसमोर 'पूर' हा शब्द काढून बघा. बोलणं हमखास २३ जुलै १९८९ वर जातं. त्या दिवशी बिंदुसरा वस्त्यांमध्ये घुसली, माणसं गेली, घरंदारं गेली. एरवी उन्हाळ्यात हीच बिंदुसरा बघितलीत तर तिला नदी म्हणायला जीभ वळत नाही.

पण बीड जिल्ह्यावर लिहिलेलं वाचायला घेतलं की काय सापडतं? दुष्काळ, टँकर, ऊसतोड. माझ्या पीएचडीचा पहिला आराखडाही 'दुष्काळ आणि पीकविमा' असाच होता. मार्गदर्शकांनी तो चाळला आणि एकच विचारलं, "विम्यात 'क्षेत्र' म्हणजे नेमकं काय?" मी गप्प. तो एक शब्द शोधण्यात पुढचे सहा महिने गेले आणि विषय दुष्काळावरून पुरावर आला. तुम्ही आराखडा लिहायच्या तयारीत असाल तर हा प्रवास उपयोगी पडेल, म्हणून सांगतोय.

आधी जमीन समजून घ्या. बीड पर्जन्यछायेत. बालाघाटाच्या डोंगररांगा जिल्ह्यातून जातात. पाटोद्याच्या बाजूला मांजरा उगम पावते आणि पुढे जिल्ह्याची दक्षिण हद्द धरून वाहते. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा माजलगावच्या पुढे गोदावरीला. उत्तरेला गेवराई आणि माजलगाव तालुक्यांच्या कडेने गोदावरी आहेच. म्हणजे इथे पूर दोन तऱ्हांनी येतो. एक, डोंगरावर तासा-दोन तासांत कोसळलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी खाली उतरतो. दुसरा, पाऊस पडतो नाशिक-अहिल्यानगरकडे, पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडतात आणि पाणी गेवराईच्या मळ्यांत शिरतं. दुसऱ्या प्रकारात त्या गावात त्या दिवशी थेंबभर पाऊस पडलेला नसला तरी चालतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता विम्याचा इतिहास. म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये शेतीविम्यावर पुस्तक लिहिलं. त्यांची कल्पना पावसाच्या मोजमापावर उभी होती, म्हणजे पाऊस ठरावीक आकड्याखाली गेला की भरपाई. डोळ्यासमोर अवर्षण होतं. स्वातंत्र्यानंतर १९७२-७३ च्या सुमाराला गुजरातेत एच-४ कापसासाठी शेतकरीनिहाय विमा करून बघितला गेला. प्रत्येकाच्या शेतात जाऊन नुकसान ठरवायचं, हे खर्चिक आणि भांडणाचं काम ठरलं.

मग येतात वि. म. दांडेकर. पुण्याच्या गोखले संस्थेतले हे अर्थशास्त्रज्ञ. १९७६ मध्ये त्यांनी मांडलं की एकेक शेत मोजूच नका. सारखी जमीन, सारखं हवामान असलेला टापू हे एकक धरा. त्या टापूचं सरासरी उत्पादन ठरलेल्या पातळीखाली गेलं, तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना त्याच दराने भरपाई द्या. फसवणुकीला वाव कमी, खर्च कमी. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना, या सगळ्यांच्या पोटात हीच कल्पना आहे. महाराष्ट्रात ते एकक म्हणजे बहुतांशी महसूल मंडळ, काही गावं मिळून झालेलं.

दांडेकर चुकले असं मी म्हणत नाही. दुष्काळासाठी ही रचना फार शहाणपणाची आहे. दुष्काळ येतो तेव्हा अख्ख्या मंडळाचं रान वाळतं, सरासरी खाली येते आणि सगळ्यांना मिळतं. पूर तसा येत नाही. तो काठाकाठाने चालतो.

गणित करून बघू (आकडे समजण्यापुरते, कुठल्याही खऱ्या मंडळाचे नाहीत). सोयाबीनचं उंबरठा उत्पादन हेक्टरी ८ क्विंटल, विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये. यंदा मंडळाची सरासरी आली ७ क्विंटल. तूट एक अष्टमांश, म्हणून हेक्टरी ६,२५० रुपये. नदीकाठच्या ज्याचं सगळं गेलं, त्यालाही ६,२५०. माळावरच्या ज्याला १० क्विंटल झालं, त्यालाही तेवढेच. आणि सरासरी ८ च्या वर राहिली तर दोघांनाही शून्य. त्यात सरासरी काढायला मंडळात मोजकेच पीक कापणी प्रयोग होतात, तेही यादृच्छिक निवडलेल्या शेतांत. बुडालेलं शेत त्यात येईलच असं नाही.

२०१६ च्या योजनेने ही फट ओळखली होती, हे मान्य करायला हवं. 'स्थानिक नैसर्गिक आपत्ती' या नावाखाली गारपीट, भूस्खलन आणि शेत जलमय होणं यासाठी वैयक्तिक पंचनाम्याची सोय आली. अट एक : ७२ तासांच्या आत कळवायचं. पूर आलेल्या गावात पहिले तीन दिवस काय चालू असतं? लाइट गेलेली, मोबाइल बंद, पूल पाण्याखाली. गोदाकाठच्या एका मावशी मला म्हणाल्या, "बाबा, तवा आमी जनावरं हुडकीत होतो." माझ्या टिपणवहीत त्या दिवसाचं एवढं एकच वाक्य आहे.

आता 'बीड पॅटर्न'. २०२० च्या खरिपात बीडसाठी विमा कंपन्या पुढे येईनात. मग ८०:११० चं सूत्र आलं. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा सरकारचा. ८० टक्क्यांखाली राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेलं सरकारला परत करायचं. २०२२ मध्ये ते राज्यभर गेलं. यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण बारकाईने बघा, हे सूत्र नफा-तोटा कुणाचा ते ठरवतं. कुणाचं शेत मोजायचं, याला ते हातच लावत नाही.

२०२३ मध्ये एक रुपयात विमा आला. बोगस अर्जांची प्रकरणं गाजली, त्यात बीडचं नाव ठळक होतं. २०२५ च्या खरिपापासून एक रुपया बंद झाला आणि त्याच फेरबदलात राज्याने स्थानिक आपत्तीचं कलमही वगळलं. उरली मंडळाची सरासरी. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात महापूर. आष्टी तालुक्यात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. म्हणजे पुरासाठीचं कलम नेमकं पुराच्या वर्षी नव्हतं.

इथे संशोधक एक घोळ करतात, मीही केला. गावात "पैसे पडले का?" असं विचारलं की उत्तरात विमा आणि सरकारी मदत एकत्र येतात. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येऊन करतात तो पंचनामा साधारणपणे सरकारी मदतीसाठी असतो. तिथे अतिवृष्टीचा निकष मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता आठवा. वरून सोडलेल्या पाण्याने शेत बुडालं तर मंडळाचं पर्जन्यमापक कोरडंच असू शकतं. तेव्हा 'अतिवृष्टी' आणि 'पूर' हे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर तक्ता खोटं बोलेल.

आणि माती? ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची तरतूद होती. पीकविमा पिकाचा असतो, जमिनीचा नाही. ज्याच्या रानात खाली खडक उघडा पडलाय, त्याची पुढच्या खरिपात पेरणीच होणार नाही. मग तो विमा उतरवणार नाही आणि विम्याच्या आकडेवारीतूनच गायब होईल. तुम्ही फक्त विमाधारकांची यादी घेऊन गावात गेलात, तर तो तुम्हाला भेटणारच नाही.

म्हणून मी आता उलटं करतोय. आधी नदीकाठचे गट नंबर काढायचे, २०२५ च्या आधीच्या आणि नंतरच्या सातबाऱ्यावरची पीक पाहणी शेजारी ठेवायची, मग विम्याची यादी उघडायची. काम सावकाश चाललंय. एका गावाला तीन आठवडे लागले, आणि त्यातला एक आठवडा तर गट नकाशा मिळवण्यातच गेला.