नागसेनवनाची वाट आणि प्रतिनिधित्वाचे ओझे

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि जालना यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर, करमाडच्या पुढे लागणारे बदनापूर हे स्थानक मराठवाड्यातील दलित शिक्षणाच्या इतिहासात सहसा नोंदले जात नाही. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यास या पट्ट्यातील खेड्यांमधून उच्च शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या दलित मुलांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो समजून घ्यायला अशाच गावांकडून सुरुवात करावी लागते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात माध्यमिक शिक्षणाची भाषा प्रामुख्याने उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच होते, त्यामुळे मराठी घरातला कोणताही मुलगा परक्या भाषेतूनच वर चढत असे; दलित मुलाला मात्र या परकेपणाच्या जोडीला शाळेतली अस्पृश्यताही सोसावी लागे. या दोन्ही अडथळ्यांतून एखादाच मुलगा पुढे जाई, आणि तो ज्या वर्गात पोहोचे तिथे आपल्या जातीचा तो एकटाच असे.

या एकटेपणातून निर्माण होणाऱ्या दडपणाला ‘प्रतिनिधित्वाचे ओझे’ म्हणता येईल. अल्पसंख्य समूहातील विद्यार्थ्याचे यश किंवा अपयश त्याच्या एकट्याचे न राहता साऱ्या समूहाच्या पात्रतेचा पुरावा मानले जाते आणि ही गोष्ट त्या विद्यार्थ्यालाही सतत ठाऊक असते, अशी ही अवस्था होय. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०३ मध्ये तिच्या मुळाशी असलेल्या ‘दुहेरी जाणिवे’ची, म्हणजे स्वतःकडे नेहमी दुसऱ्याच्या नजरेतून पाहण्याच्या सवयीची, मांडणी केली, पुढे १९९५ मध्ये क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवले की, आपल्या समूहाविषयीचा हीन समज आपल्या हातून खरा ठरेल या धास्तीनेच परीक्षेतील कामगिरी खालावू शकते. तिथे वंशाचा प्रश्न होता आणि इथे जातीचा, हा फरक लक्षात ठेवला तरी साम्य नाकारता येत नाही. स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील जवळीक नोंदवली होती.

आंबेडकरांनी हे ओझे विद्यार्थिदशेतच अनुभवले होते. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका मुलाच्या शालेय परीक्षेसाठी सभा भरवली जाते तेव्हा त्या कौतुकातच पुढची सारी अपेक्षा सामावलेली असते. त्यांनी पुढे उभारलेल्या शिक्षणसंस्थांकडे या अनुभवाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे.

मराठवाड्यात १९३८ च्या डिसेंबरात, कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे, भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने आणि डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत दलितांची परिषद भरली. १९४४ मध्ये भारत सरकारने अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली, १९४५ मध्ये आंबेडकरांची पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यानंतर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, या संस्थेचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, आणि त्याचा परिसर नागसेनवन. भिक्षू नागसेनाशी वाद घालणाऱ्या राजा मिलिंदाचे नाव महाविद्यालयाला देणे म्हणजे, इथे येणाऱ्याने प्रश्न विचारावेत, असे सांगणेच होते.

मिलिंदचे मोठेपण केवळ प्रवेशाच्या आकड्यांत शोधणे अपुरे ठरेल. बदनापूर, अंबड किंवा भोकरदनकडच्या मुलाला नागसेनवनाच्या वसतिगृहात आपल्यासारखीच पुष्कळ मुले भेटत: कोणी हुशार, कोणी बेताचे, कोणी नाटकात रमणारे, तर कोणी नापास होऊन पुन्हा बसणारे. महाविद्यालय सर्व जातींना खुले होते. परंतु दलित विद्यार्थी तिथे अपवाद नव्हता, म्हणून त्याच्या एका चुकीवरून साऱ्या जातीची परीक्षा होण्याचे कारण उरले नाही. संख्येने दिलेली ही मोकळीक मराठी वाङ्मयालाही फळली. याच परिसरात अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवले, आणि दलित लेखकांच्या पिढ्या त्याभोवती जमल्या. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरातही मिलिंदचेच विद्यार्थी.

तथापि ओझ्याची दुसरी बाजू समाजाच्या आतून येणारी होती. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत आंबेडकरांनी शिकलेल्या वर्गाविषयी तीव्र खंत व्यक्त केली. शिकून नोकरीला लागलेले लोक समाजाकडे पाठ फिरवतात, हा तिचा आशय. ‘समाजाचे देणे’ हा शब्दप्रयोग त्यानंतर आंबेडकरी कुटुंबांत रूढ झाला. या अपेक्षेने असंख्य मुलांना उभे राहण्याचे बळ दिले हे निःसंशय, पण एखाद्याला कलेत किंवा शुद्ध गणितात रस असला तरी कायदा वा प्रशासन निवडणेच कर्तव्याचे वाटावे, असा ताणही तिच्यातूनच आला. बाहेरच्या संशयाला या आतल्या अपेक्षेच्या पंक्तीला बसवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण एकाच्या मुळाशी तुच्छता आहे आणि दुसरीच्या मुळाशी माया.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्याच्या विरोधात मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांची हत्या याच काळातली. तोपर्यंत शहरातील विद्यार्थी गावच्या वस्तीचे प्रतिनिधित्व करीत होता. आता मागणी विद्यापीठाच्या नावाची, आणि तिची किंमत वस्ती मोजत होती. वसतिगृहातून मोर्चाला जाणाऱ्या मुलाला गावाकडच्या आईबापांचे काय होईल याचा विचार करावा लागणे, हे या ओझ्याचे सर्वांत क्रूर रूप मानावे लागेल. विद्यापीठाचा नामविस्तार, म्हणजे मूळ नावाला आंबेडकरांचे नाव जोडणे, १४ जानेवारी १९९४ रोजी, सुमारे साडेपंधरा वर्षांनी, झाला.

पुढच्या पिढ्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी संस्थांमध्ये विखुरल्या, तसे जुने एकटेपण नव्या वर्गांत परत आले. ‘सरकारचे जावई’ हा टोमणा शिष्यवृत्तीधारकांच्या वाट्याला आला. २००७ मध्ये थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीची नोंद केली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेविषयीचे विनियम काढले. नियम तक्रारीची दखल घेऊ शकतात. वर्गातील सवयी बदलण्याचे काम शिक्षकांचे आहे. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती किंवा ६ डिसेंबरचा त्यांचा स्मृतिदिन जवळ आला की भाषणासाठी वर्गातल्या एकाच मुलाकडे पाहिले जाते, आरक्षणाचा विषय निघाला की उत्तरही त्याच्याकडूनच अपेक्षिले जाते. बदनापूरपासून मुंबईपर्यंतच्या प्राध्यापकांनी ही प्रथा थांबवावी, आंबेडकरांच्या रुपयाविषयीच्या १९२३ च्या ग्रंथावर कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्याला बोलायला सांगावे, आणि त्या एका मुलाला, त्याची इच्छा असेल तर, मागच्या बाकावर बसून नुसते ऐकू द्यावे.