नारा नगरीचे भगिनीसंबंध

दोन देशांतील दोन नगरांनी करारपूर्वक स्नेह जोडावा, शिष्टमंडळे व विद्यार्थी यांची देवघेव करावी, ही प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर रूढ झाली. जपानमध्ये तिचा आरंभ १९५५ साली नागासाकी व अमेरिकेतील सेंट पॉल यांच्या कराराने झाला. आपल्या मुंबईनेही १९६५ मध्ये योकोहामाशी असे नाते जोडले. तेथे दोन्ही नगरे बंदरे आहेत हे कारण उघड दिसते. जपानची प्राचीन राजधानी नारा हिची गोष्ट मात्र निराळी आहे. तिने ज्या नगरांना भगिनी मानले त्यांपैकी तिघींची तिची ओळख बाराशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती ओळख मुख्यतः भिक्खूंनी करून दिलेली आहे. म्हणूनच हा वरकरणी नगरपालिकेच्या दप्तरातला विषय आम्ही येथे घेत आहोत.

नारा ७१० ते ७८४ या काळात बहुतांशी राजधानी होती. पहिला करार तिने १९७० मध्ये केला तो कोरियातील ग्यॉन्गजूशी, म्हणजे प्राचीन सिल्ला राज्याच्या राजधानीशी. जपान व दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध पूर्ववत होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती आणि १९१० ते १९४५ या पारतंत्र्याच्या आठवणी कोरियात ताज्या होत्या. धम्म जपानला प्रथम सिल्लाकडून नव्हे, तर पेकचे राज्याकडून मिळाला, ही गोष्ट येथे नजरेआड करू नये. तरीही ही निवड आम्हांस योग्य वाटते. ग्यॉन्गजूजवळच्या सोक्कुराम लेण्यातील बुद्धमूर्तीच्या कार्यास ७५१ मध्ये आरंभ झाल्याचे परंपरा सांगते. नाऱ्याच्या तोदाई-जी विहारातील महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये झाला. त्याच वर्षी सिल्लाचा राजपुत्र किम तेर्योम सातशेहून अधिक माणसे घेऊन नाऱ्यास आला व त्याने तोदाई-जीत वंदना केली. त्या मंडळींकडून नाऱ्याच्या सरदारांनी कोणत्या वस्तू विकत घेण्याचे योजिले होते, त्याचे कागद शोसो-इन या भांडारात अद्याप जपलेले आहेत. शिष्टमंडळांची देवघेव म्हणतात ती अशी जुनी आहे!

शिआनशी करार झाला १९७४ च्या फेब्रुवारीत. चीन-जपान संबंध १९७२ च्या सप्टेंबरात जुळले, त्यानंतर दीड वर्षाच्या आत. शिआन म्हणजे तांग सम्राटांचे चांगआन. नाऱ्याचे चौकोनी रस्ते त्याच नगराच्या आराखड्यावर आखलेले. क्योतोनेही त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिआनशी नाते जोडले. परंतु आराखड्यापेक्षा मोलाचा दुवा दोशो या भिक्खूचा आहे. ६५३ मध्ये तो चीनला गेला व ह्युएन त्संग यांच्या चरणांशी बसून शिकला. नालंदेत शीलभद्रांनी ह्युएन त्संग यांस दिलेली विज्ञानवादाची विद्या अशा रीतीने जपानला पोहोचली. नाऱ्यातील कोफुकु-जी व याकुशि-जी हे विहार आजही त्याच परंपरेचे आहेत. नालंदा उद्ध्वस्त झाली, तिची विद्या नाऱ्यात टिकून राहिली.

मधल्या व पुढच्या काळात स्पेनमधील तोलेदो (१९७२), फ्रान्समधील व्हर्साय (१९८६) आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा (१९९३) यांच्याशी करार झाले. राजपीठांनी राजपीठांशी जोडलेले हे नाते होय. त्यात धम्माचा संबंध नाही, म्हणून विस्तार करीत नाही. कॅनबेराचा आराखडा करणारा वॉल्टर बर्ली ग्रिफिन हा आयुष्याच्या अखेरीस लखनौत काम करीत होता व १९३७ मध्ये तेथेच वारला, एवढे जाता जाता सांगतो.

आम्हांस नवल वाटते ते यांगझोऊचे. ज्या नगराचे ऋण नाऱ्यावर बहुधा सर्वांत मोठे, त्याचा करार सर्वांच्या मागून, २०१० मध्ये झाला. हे ऋण समजण्यासाठी विनय पाहावा लागतो. महावग्गानुसार उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा गण लागतो; सोण कुटिकण्ण याच्या निमित्ताने प्रत्यंत जनपदांत विनयधरासह पाच भिक्खू पुरेत, अशी सवलत भगवंतांनी दिली. ती मुळात अवंती-दक्षिणापथासाठी मागितली गेली होती, हे आपल्या भागाच्या वाचकांनी ध्यानी घ्यावे. जपानात विहार होते, मूर्ती होत्या, राजाश्रय होता. विधिवत् उपसंपदा देणारा संघ मात्र नव्हता. म्हणून योएई व फुशो हे दोघे भिक्खू ७३३ मध्ये विनयाचार्याच्या शोधार्थ चीनला गेले आणि ७४२ मध्ये यांगझोऊच्या दामिंग विहारात आचार्य ज्यानझेन यांस भेटले. जपानी त्यांस गंजिन म्हणतात. पाच प्रयत्न फसले. वादळे, राजाज्ञा, जप्ती. योएई चीनमध्येच वारला. आचार्यांची दृष्टी गेली. सहाव्या खेपेस, ७५३ च्या अखेरीस, ते जपानला पोहोचले. ७५४ मध्ये त्यांनी तोदाई-जीसमोर निवृत्त सम्राट शोमू यांस शील दिले. ७५९ मध्ये तोशोदाई-जी हा विहार उभा राहिला, ७६३ मध्ये तेथेच त्यांचे निर्वाण झाले. त्यांचा विनय धर्मगुप्तकांचा, पाली विनयाचा निकटचा आप्त. नाऱ्यात तीन आचार्य व सात साक्षी असा दहांचाच गण ठरला.

कागदी कराराआधीच येथे पुष्कळ घडले होते. १९६३ मध्ये, दोन्ही सरकारांचे संबंध नसताना, उभय देशांतील बौद्धांनी आचार्यांची बाराशेवी पुण्यतिथी पाळली. त्यावेळी ल्यांग स्सुछंग यांनी आराखडा केलेले स्मारकमंदिर यांगझोऊत १९७३ मध्ये पूर्ण झाले, आणि १९८० मध्ये तोशोदाई-जीतील आचार्यांची लाखेची मूर्ती काही दिवसांसाठी आपल्या जन्मनगरीस जाऊन आली. करार होण्यास मात्र आणखी तीस वर्षे गेली. करारांचा क्रम स्मृती ठरवीत नाही, परराष्ट्र खाती ठरवितात; २०१० साली नारा राजधानीचा तेराशेवा वर्धापनसोहळा चालू होता, तो योग साधला गेला.

येथे विचारात घेतलेल्या सहा नगरांत भारतीय नगर नाही. क्योतोने २०१४ मध्ये वाराणसीशी करार केला. पण ७५२ मध्ये महाबुद्धाचे नेत्र ज्याने रेखिले तो भिक्खू बोधिसेन भारतीय होता. चीनमधून ७३६ मध्ये तो जपानला आला, दाइआन-जीत राहिला, ७६० मध्ये वारला. जपानी त्यास 'बारामोन सोजो', म्हणजे 'ब्राह्मण संघनायक' म्हणतात. प्रव्रज्येनंतर नाम-गोत्र समुद्रात मिळालेल्या नद्यांप्रमाणे लोपते, हे विनयाचे वचन त्या उपाधीपुढे फिके पडले असे दिसते. शिष्याने लिहिलेल्या चरित्रात तो दक्षिण भारताचा, एवढेच आहे, गावाचे नाव नाही. तेव्हा भगिनी म्हणून कोणत्या नगराने पुढे यावे? नेत्र रेखण्याची ती लेखणी शोसो-इनमध्ये आहे. मूर्ती जळून ११८५ मध्ये पुन्हा घडविली गेली, तेव्हा निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांनी तीच हाती घेतली होती.