विजया तेल, भांग, गांजा: यातलं औषध कुठलं, नशा कुठली? आणि फिटच्या गोळ्या का थांबवायच्या नाहीत?

रील उघडलं की पांढरा कोट घातलेला एक जण छोटी काळी बाटली दाखवत सांगतो, 'गांजा नशा नाही, औषध आहे!' गुडघेदुखी, झोप, कॅन्सर, फिट, सगळ्यांवर एकच तेल. खाली कमेंटमध्ये 'प्राइस प्लीज'ची रांग.

शिरूर कासारमध्ये हे रील कोण बघत असेल? दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडाला कंबर धरून परत येणारी माणसं, आणि ज्यांच्या पोराला फिट येतात असे आईबापही. मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर बऱ्याचदा नगर नाहीतर संभाजीनगरची वारी करावी लागते. तेल मात्र कुरिअरने घरी येतं. त्यामुळे या बाटलीत नेमकं काय आहे हे समजून घ्यायलाच हवं.

झाड एकच, वस्तू वेगळ्या

मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. त्याचा चीक म्हणजे चरस. पानं वाटून होते ती भांग. आयुर्वेदात याच झाडाला विजया म्हणतात. जातीफलादि चूर्णासारख्या जुन्या औषधात भांग असते, हे अनेकांना माहीतही नसतं.

झाडात शंभरावर कॅनाबिनॉइड घटक असतात, पण आपल्या कामाचे दोन. टीएचसीने नशा चढते. सीबीडीने नशा चढत नाही. शेंड्यात टीएचसी जास्त, पानात कमी, बियांत जवळपास नाहीच.

कायदाही हाच फरक करतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाची व्याख्या शेंड्यांची आहे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. या फटीतूनच विजया तेल कायदेशीर विकलं जातं: पानांचा अर्क, आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर. बियांना तर अन्न म्हणून एफएसएसएआयने २०२१ मध्ये मान्यता दिली. म्हणजे रीलमधला माणूस 'लीगल आहे' म्हणतो ते खोटं नाही. पण कायदेशीर असणं आणि त्या आजारावर उपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ इथंच होतो.

फिटवर खरंच चालतं का?

हा दावा पूर्ण हवेतला नाही. १८३९ मध्ये कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने गांजाच्या अर्काचे प्रयोग लिहून काढले. त्यात आकडी येणाऱ्या एका तान्ह्या बाळाचीही नोंद आहे. त्यानंतर पाश्चात्त्य वैद्यकाने हे झाड गांभीर्याने घेतलं.

पक्का पुरावा मात्र अलीकडचा. २०१७ मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोम या दुर्मिळ, हट्टी फिटच्या आजारावरची चाचणी प्रसिद्ध झाली. १२० मुलं आणि तरुण होते. शुद्ध सीबीडी घेणाऱ्यांच्या महिन्याच्या मोठ्या झटक्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला. नुसतं खोटं औषध मिळालेल्या गटात तो १४.९ वरून १४.१, म्हणजे फरक जवळपास शून्य. पुढच्या वर्षी अमेरिकेने एपिडिओलेक्स या औषधाला ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन आजारांसाठी मंजुरी दिली. २०२० मध्ये ट्युबरस स्क्लेरोसिसची भर पडली.

आता रीलमध्ये न सांगितलेला भाग. या चाचणीतल्या मुलांच्या आधीच्या गोळ्या बंद केल्या नव्हत्या. सीबीडी त्यांच्या जोडीला दिलं होतं. हे तीनही आजार दुर्मिळ आहेत. गावात फिट येणाऱ्या बहुतेकांना त्यातला एकही नसतो. त्यांच्या फिट अनेकदा साध्या, स्वस्त गोळ्यांनीच आटोक्यात राहतात. 'नैसर्गिक' तेल आलं म्हणून त्या गोळ्या अचानक सोडल्या, तर एकामागून एक, न थांबणारे झटके येऊ शकतात. त्यात जीवही जातो. तेलाच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका हाच. बाटलीत विष असायचीसुद्धा गरज नाही.

डोसचं गणितही बघा. एपिडिओलेक्सचा नेहमीचा डोस दिवसाला किलोमागे १० मिलीग्रामपर्यंत नेतात. २० किलोच्या मुलाला रोज २०० मिलीग्राम शुद्ध सीबीडी. बाटलीवर 'विजया अर्क' इतके मिलीग्राम असं लिहिलेलं असेल, तर तो आकडा अर्काचा आहे. त्यात सीबीडी किती, टीएचसी किती हे वेगळं छापलेलं नसेल, तर आपण मुलाला काय देतोय हे कळायला मार्ग नाही.

आणि कंबरदुखी?

इथं पुरावा पातळ आहे. २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार, जुनाट दुखण्यात खोट्या औषधाच्या तुलनेत शंभरातल्या साधारण १० जास्त लोकांना जाणवण्याइतका आराम पडतो. बाकीच्यांना चक्कर, गुंगी, मळमळ यांचा त्रास तेवढा होऊ शकतो. त्याच वर्षी वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सांगितलं की दुखण्यावर कॅनाबिनॉइडची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. केमोथेरपीतली उलटी, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, इथं काही देशांत मंजूर औषधं आहेत. कॅन्सर बरा होतो, याला माणसांवरच्या चाचण्यांचा आधार नाही. असं म्हणणाऱ्याचं रील थेट स्क्रोल करा.

कुणी जपून राहायचं

सीबीडी निरुपद्रवी आहे, हा समज चुकीचा. गुंगी, जुलाब, भूक मंदावणं हे नेहमीचे त्रास. फिटच्या व्हॅल्प्रोएट गोळीसोबत घेतलं तर यकृतावर ताण येऊ शकतो. क्लोबाझमसोबत गुंगी वाढते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी न बघता कुणी 'दोन थेंब जिभेखाली' सांगत असेल, तर त्याचा सल्ला घेऊ नका, मग कोट कितीही पांढरा असो.

टीएचसीचं वेगळं. ठोके वाढतात, घाबरं होतं, काहींना भास होतात. घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, वय कमी असेल, गर्भारपण असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर लांबच राहा. घेऊन मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नका. आणि सवय लागत नाही हे खरं नाही. वापरणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला लागते.

आयुर्वेदिक औषधांच्या नियमांतही विजया (बिया सोडून) विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे अनुसूची ई(१) मध्ये. पोटात घ्यायच्या अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापावाच लागतो. बाटली हातात आली की आधी हा इशारा, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर शोधा. एकही नसेल तर ते औषधाच्या नावाखाली विकलेलं दुसरंच काहीतरी आहे.

'औषधी आहे, मग दोन झाडं लावली तर?'

नको. झाड लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. औषधासाठी लावलं हा बचाव परवान्याशिवाय चालत नाही. कापसात, तुरीत, उसात लावलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतातच. गांजा जवळ बाळगला तर एक किलोपर्यंत 'अल्प', २० किलोपेक्षा जास्त म्हणजे 'व्यावसायिक' प्रमाण, आणि तिथं शिक्षा किमान दहा वर्षं.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळात शिरूर कासारला लागून असलेला नगर जिल्हा मुंबई इलाख्यातलं गांजाचं मुख्य केंद्र होता. तेव्हा पीक परवान्यावर होतं. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने बाकी कशालाच भाव नाही म्हणत दोन एकरांत गांजा लावायची परवानगी प्रशासनाकडे मागितली. पोलिसांनी ती प्रसिद्धीची खेळी ठरवली. शेतकऱ्याची चिडचिड मात्र ओळखीची आहे.

भांगेचा विषय राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात ती परवान्याशिवाय बनवता किंवा विकता येत नाही.

लहान मुलाने चुकून खाल्लं तर

महाशिवरात्री आणि होळीला ठंडाई, पेढे, भजी यातून हे होऊ शकतं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेल्याला अर्धा ते दोन तास लागतात आणि असर सहा-आठ तास किंवा जास्त राहतो. मोठी माणसं 'काहीच झालं नाही' म्हणून अजून घेतात, ती याच फसगतीमुळे. मूल पेंगायला लागलं, तोल जायला लागला, श्वास मंद वाटला तर झोपू द्यायची वाट बघू नका. कुशीवर वळवा, ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, लिंबूपाणी किंवा लोणचं चाटवू नका. १०८ ला फोन करा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने लपवलं, तर डॉक्टरांचा वेळ मेंदूज्वराच्या तपासण्यांत जातो.